मोठं मांजर दत्तक घ्यायचंय? वय, तपासण्या, पहिले पंधरा दिवस आणि पुढची देखभाल

शेवंती
दत्तक ग्रुपवर पिल्लाचा फोटो आला की तासाभरात विचारणा सुरू होते. आठ-दहा वर्षांच्या मांजराची पोस्ट मात्र महिनोन् महिने तशीच पडून राहते. ही बहुतेक घरातच वाढलेली मांजरं असतात. मालक परदेशी निघाले, वारले, घरात कुणाला दमा निघाला, भाड्याचं घर बदललं, अशी कारणं. पहिल्यांदाच मांजर आणणाऱ्या घराला, त्यातही साठी ओलांडलेल्या जोडप्याला, मोठं मांजरच जास्त मानवतं असं माझं ठाम मत आहे. म्हणून हा धागा.

आधी वयाचा हिशोब. सात ते दहा वर्षांचं मांजर प्रौढ, दहाच्या पुढचं ज्येष्ठ. नसबंदी झालेलं, घरातच राहणारं मांजर १५ वर्षं जगणं ही नेहमीची गोष्ट आहे, १८-२० सुद्धा गाठतात. माणसाच्या वयाशी ताडून बघायचं तर पहिलं वर्ष म्हणजे साधारण १५, दुसऱ्याअखेर २४ आणि पुढे दर वर्षाला ४. म्हणजे आठ वर्षांची मांजरी अठ्ठेचाळिशीची झाली. तिला म्हातारी म्हणून बाजूला सारणं अन्यायाचं आहे.

पिल्लू घेताना आपल्या हातात अंदाज असतो, मोठं मांजर घेताना माहिती असते. मांजराचा स्वभाव दोन ते चार वर्षांत पक्का होतो. मांडीवर बसणारं आहे की दोन हात लांब बसणारं, लहान मुलं चालतात का, कुत्र्याची सवय आहे का, दिवसभर एकटं राहतं का, हे सगळं आधीच्या घरी विचारून कळतं. पिल्लाचं यातलं काहीच आज सांगता येत नाही. वर त्याला सोळा आठवड्यांचं होईपर्यंत दर तीन-चार आठवड्यांनी ट्रायकॅटची (मांजरांच्या तीन आजारांवरची एकत्रित) लस, मग रेबीजची, मग नसबंदी. मादी चार-पाच महिन्यांतच माजावर येऊ शकते. पडदे, चार्जरच्या वायरी आणि गिळलेला सुईदोरा हा आणखी वेगळा व्याप.

जाणकारांनी भर घालावी. नुसतं 'गोड आहे' नको, नेमकं काय करायचं ते लिहा.

कोथरूडकर
चांगला धागा. एक शंका. देणारे 'पाच वर्षांचं' म्हणतात ते खरं कसं मानायचं? दातांवरून कळतं ना?

नीलमोहर
पिल्लाचं कळतं, मोठ्याचं नाही. सहा-सात महिन्यांत ३० पक्के दात येऊन जातात, त्यापुढे दात फक्त अंदाज देतात. तीन वर्षांच्या मांजराच्या दातांवर पिवळं कीटण असू शकतं आणि नीट काळजी घेतलेल्या आठ वर्षांच्या मांजराचे दात स्वच्छ असू शकतात.

डोळे जास्त बोलतात. साधारण सात-आठ वर्षांनंतर बाहुलीत निळसर धुरकट छटा दिसू लागते. तो मोतीबिंदू नव्हे, भिंग घट्ट होतं म्हणून तसं दिसतं, नजर बहुतेक शाबूत असते. आणखी वय झालं की बुबुळाची आतली कड विरल्यासारखी, उसवल्यासारखी दिसते. पाठीच्या कण्यावर आणि खांद्यांवर हाडं हाताला लागणं, नखं जाड होणं ही पुढची लक्षणं. पण सगळ्यात भरवशाचा पुरावा म्हणजे लसीकरणाची वही. त्यातल्या पहिल्या लसीची तारीख बघा.

गोदाकाठ
आधीच्या घरी काय विचारायचं ते लिहिते, कारण खरी माहिती तिथेच मिळते आणि एकदा मांजर हातात आलं की ते लोक फोन उचलतीलच असं नाही.

कोणतं खाणं, कोणत्या कंपनीचं, दिवसातून किती वेळा. लिटर (शी-शूच्या ट्रेत घालायची माती) कसलं, ट्रे झाकणाचा की उघडा. हाक काय मारता. नसबंदी कधी झाली. याआधी कधी लघवी अडकली होती का, विशेषतः बोक्याच्या बाबतीत हे विचाराच. शेवटचं वजन किती आणि कधी केलं. औषध चालू असेल तर त्याची चिठ्ठी.

आणि सगळ्यात महत्त्वाचा प्रश्न: देण्याचं खरं कारण काय? 'ट्रेबाहेर लघवी करते' हे कारण लोक सांगत नाहीत. न रागावता विचारलं तर सांगतात. त्यामागे बहुतेक वेळा मूत्राशयाची सूज, सांधेदुखी किंवा घाणेरडा ट्रे असतो आणि तिन्हींवर इलाज आहे. कळलं तर आपण तयारीनं घेतो, नाही कळलं तर महिनाभरात मांजर पुन्हा दाराबाहेर जातं. त्यासारखं दुर्दैव नाही.

निघताना तीन वस्तू मागून घ्या: ती झोपते ती न धुतलेली चादर, पंधरा दिवस पुरेल इतकं तिचं नेहमीचं खाणं आणि पिशवीभर वापरलेलं लिटर. नव्या ट्रेत मूठभर जुनं लिटर टाकलं की जागा पहिल्याच दिवशी समजते.

चाफा
सगळं पटतं, पण एका बाजूनं लिहिलं जातंय. म्हाताऱ्या मांजराचा दवाखान्याचा खर्च लपवू नये. किडनी, दात, थायरॉइड, हे पुढे येणारच. ते आधी सांगितलं नाही तर लोक घेतात आणि पहिल्या बिलानंतर परत करतात.

नीलमोहर
चाफा, सहमत. सविस्तरच लिहितो.

पहिल्या आठवड्यातच पूर्ण तपासणी करून घ्या. हिमोग्राम, क्रिएटिनिन आणि युरिया, साखर, यकृताच्या तपासण्या, आठ वर्षांपुढे थायरॉइडचं टी-फोर आणि सोबत लघवीची घनता. ही शेवटची तपासणी लोक हटकून विसरतात. क्रिएटिनिन वाढेपर्यंत किडनीचं बरंच काम गेलेलं असतं, पण लघवी पातळ व्हायला त्याआधीच सुरुवात होते. निरोगी मांजराची घनता सहसा १.०३५ च्या वर असते. दवाखान्यात सोय असेल तर रक्तदाबही मोजून घ्या. वरचा आकडा वारंवार १६० किंवा जास्त येत असेल तर उपचार लागतात. दाब दुर्लक्षित राहिला की डोळ्याचा पडदा सुटतो आणि मांजर एका रात्रीत आंधळं होतं. औषध म्हणजे बहुधा आपल्याकडची नेहमीची अॅम्लोडिपिनची गोळी, अगदी छोट्या तुकड्यात. मात्रा पशुवैद्यच ठरवतील.

एफआयव्ही (मांजरांची प्रतिकारशक्ती घटवणारा) आणि एफइएलव्ही (मांजरांमधला ल्युकेमियाचा) या दोन विषाणूंची चाचणी रक्ताच्या काही थेंबांत दवाखान्यातच होते. इथे मोठ्या मांजराचा एक फायदा आहे. सहा महिन्यांखालच्या पिल्लात आईकडून आलेल्या प्रतिपिंडांमुळे एफआयव्हीचा निकाल खोटा पॉझिटिव्ह येऊ शकतो, पुन्हा चाचणी करावी लागते. मोठ्या मांजरात ती भानगड नसते. एफआयव्ही पॉझिटिव्ह असलं म्हणून नाकारू नका. घरात ठेवलं, भांडणं होऊ दिली नाहीत तर अशी मांजरं वर्षानुवर्षं नीट जगतात.

लसीची वही नसेल तर ट्रायकॅटचे दोन डोस तीन-चार आठवड्यांच्या अंतरानं आणि रेबीजचा एक. पुढचं वेळापत्रक पशुवैद्याकडून लिहून घ्या.

आता दात. तोंडाला वास, एका बाजूनं चावणं, कोरडा दाणा उचलून पुन्हा खाली टाकणं, ही दातदुखी. 'वय झालंय, भूल नको' म्हणून वर्षानुवर्षं दुखतं ठेवतात ते चुकीचं आहे. वय हा आजार नव्हे. भूल देण्याआधी रक्त तपासतात, शिरेतून सलाईन चालू ठेवतात, त्यानं धोका बराच कमी होतो. सगळे दात काढले तरी मांजर नीट खातं, कारण मांजर तसंही घास चावत बसत नाही.

किडनीचा आजार निघाला तरी ते लगेच मरणाचं फर्मान नाही. फॉस्फरस कमी असलेलं खास खाणं, पाणी वाढवणं आणि पुढच्या टप्प्यात घरच्या घरी कातडीखाली सलाईन. रिंगर लॅक्टेटची बाटली, सेट आणि सुई हे सगळं औषधाच्या दुकानात मिळतं. एका वेळी साधारण १०० मिली, दहा मिनिटांचं काम. दवाखान्यात एकदा शिकून घेतलं की घरी जमतं.

परळचं बाई साकरबाई पेटिट रुग्णालय १८८३ पासून आहे, पशुवैद्यक महाविद्यालयांचे दवाखानेही आहेत. जिथे तपासण्या एका छताखाली होतात तिथे पहिली भेट ठेवा, म्हणजे सगळे कागद एका फाइलला राहतात.

शेवंती
नीलमोहर, हे सगळ्यांनी जपून ठेवावं. खर्चाबाबत इतकंच म्हणेन की पिल्लाचा खर्च चुकत नाही, तो फक्त दिसत नाही. मोठ्या मांजराच्या बाबतीत तो पहिल्याच महिन्यात कागदावर येतो. दर महिन्याला ठरावीक रक्कम वेगळी काढून ठेवावी हे मात्र खरं.

तांबडीमाती
घराच्या तयारीबद्दल.

आल्या दिवशी सगळं घर मोकळं देऊ नका. एक खोली: ट्रे एका कोपऱ्यात, खाणं-पाणी समोरच्या कोपऱ्यात, लपायला आडवा ठेवलेला खोका. दोन-तीन दिवस पलंगाखालून बाहेर न येणं स्वाभाविक आहे. ओढून बाहेर काढू नका, पाहुण्यांना दाखवू नका. त्याच खोलीत जमिनीवर बसून पेपर वाचा, फोनवर बोला, तिच्याकडे टक लावून बघू नका. ती वास घ्यायला आली तर बोट पुढे करा. हात डोक्यावरून नको, गालाच्या बाजूनं.

ट्रेसाठी पेट शॉपमधला महागडा डबा हवाच असं नाही. सांधे दुखणाऱ्या मांजराला उंच कडा चढवत नाही. रुंद, कमी उंचीचं प्लास्टिकचं घमेलं उत्तम. लांबी मांजराच्या दीडपट, आत यायची कड दहा सेंटिमीटरच्या आत, लिटरचा थर तीन ते पाच सेंटिमीटर. दोन मजली घर असेल तर दोन्ही मजल्यांवर एकेक. ट्रे वॉशिंग मशीनजवळ नको, मशीन एकदा घरघरलं की ती तिथे पुन्हा जात नाही.

बारा वर्षांवरच्या बहुतेक मांजरांच्या एक्स-रेत सांध्यांची झीज दिसते. लंगडत नाहीत, फक्त उडी मारायचं सोडतात आणि लोक म्हणतात 'शांत झाली'. खिडकीखाली पाटाची किंवा स्टुलाची पायरी करा. माणसांची वेदनाशामक गोळी कदापि नको. पॅरासिटामॉलची एक गोळी मांजराचा जीव घेते, रक्तातली प्राणवायू वाहून नेण्याची ताकदच जाते.

फरशी पुसायचं फिनाईल आणि डेटॉल दोन्ही मांजराला विषारी, कारण पायाला लागलेलं ते चाटून पोटात जातं आणि त्यातली फिनॉलच्या जातीची रसायनं तिच्या यकृताला निचरता येत नाहीत. साबणाचं पाणी पुरे. कुत्र्याचं गोचिडांचं औषध, ज्यात परमेथ्रिन असतं, ते मांजराच्या अंगावर एक थेंबही नाही. गुच्छातली लिली घरात आणू नका, नुसता पराग चाटला तरी किडनी निकामी होते.

खिडक्यांना कबुतरांची नायलॉन जाळी असेल तर ती पुरेशी समजू नका, दातांनी तुटते आणि उन्हानं कुजते. हल्लीच्या तारांच्या ग्रिलमधल्या फटी सडपातळ मांजराला पुरतात. डोकं मावलं की अंग मावतं. चौकटीला पक्की बसवलेली, एक इंच भोकाची धातूची जाळी लावा.

मिशाळ
खाण्याबद्दल मी लिहितो, कारण आपल्याकडे दूध-पोळी हेच मांजराचं अन्न ही समजूत अजून पक्की आहे.

मांजराला टॉरिन हा घटक मांसातूनच मिळतो. तो कमी पडला की हृदय फुगतं आणि दृष्टी जाते. दूधभातात तो जवळजवळ नसतो. मोठ्या मांजरांना दूध पचतही नाही, जुलाब होतात. नुसतं उकडलेलं चिकनही पूर्ण आहार नाही, त्यात कॅल्शियम नाही आणि टॉरिन उकडलेल्या पाण्यात उतरतं. चिकन दिलंच तर ते पाणी फेकू नका, त्यातच कालवून द्या. कांदा, लसूण, मीठ नको. सुकट आणि खारवलेले बोंबील किडनीच्या आणि दाबाच्या मांजराला वर्ज्य.

चार किलोच्या घरातल्या मांजराला दिवसाला साधारण २०० कॅलरी लागतात. म्हणजे कोरडं खाणं ५० ते ६० ग्रॅम. वाटीनं नको, वजनकाट्यावर मोजा. ओल्या खाण्यात तीन-चतुर्थांशाहून जास्त पाणीच असतं, म्हणून वयस्क मांजराला निम्मं तरी ओलं द्यावं. नवं खाणं सात ते दहा दिवसांत हळूहळू मिसळत न्यायचं, आणि तेसुद्धा मांजर रुळल्यावर, आल्या आल्या नाही.

कोथरूडकर
मिशाळ, कोरडं खाल्ल्यानं दात घासले जातात असं ऐकलंय. मग ओलं कशाला?

मिशाळ
दातांसाठी खास बनवलेले मोठे दाणे सोडले तर साध्या कोरड्या खाण्यानं दात स्वच्छ होत नाहीत. बरीच मांजरं दाणा तसाच गिळतात. पाणी पोटात जाणं जास्त मोलाचं.

नीलमोहर
मिशाळला अनुमोदन, आणि एक धोक्याची खूण. नव्या घरात मांजर पहिले २४ तास खात नाही, ते समजू शकतो. ४८ तास उलटले तर थांबू नका, दवाखाना गाठा. उपाशी मांजराच्या, त्यातही लठ्ठ मांजराच्या, यकृतात चरबी साठते आणि ते जिवावर बेततं. त्याआधी खाणं अंगाइतकं कोमट करून बघा, वास उठला की बरीचशी खातात.

बोका ट्रेत वारंवार बसतोय, कुंथतोय आणि थेंबही येत नाही, ही तर त्याच क्षणी निघण्याची वेळ. रात्र असली तरी.

चाफा
ज्येष्ठ जोडप्याचा मुद्दा. 'आमच्या मागे मांजराचं काय' हा प्रश्न त्यांच्या मनात असतोच, आणि दहा वर्षांचं मांजर घेतल्यानं तो हलका होतो, जात नाही. म्हणून दत्तक देताना साध्या कागदावर लिहून घ्यावं: मांजराचं वर्णन, वय, लसी, नसबंदी, कोणत्या अडचणी सांगितल्या, आणि जमलं नाही किंवा घरात काही झालं तर मांजर देणाऱ्याकडेच परत येईल. दोघांच्या सह्या, दुसऱ्या एका नातेवाइकाचा फोन. रस्त्यावर सोडणं हा १९६० च्या प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायद्यानं गुन्हा आहे, पण पहिल्या गुन्ह्याला दंड जास्तीत जास्त ५० रुपये. तेव्हा भरवसा त्या कागदावर आणि माणसांवरच ठेवायचा. पुण्यात असाल तर मनपाकडे नोंदणीही करून घ्या.

गोदाकाठ
परदेशी निघालेल्यांनी हेही वाचावं. मांजर सोबत नेता येतं, फक्त उशिरा जाग आली तर येत नाही. भारतातून युरोपीय संघात न्यायचं तर आधी मायक्रोचिप, मग रेबीजची लस, लसीनंतर किमान ३० दिवसांनी रक्ताची प्रतिपिंड चाचणी आणि त्या रक्ताच्या तारखेपासून तीन महिने थांबणं. म्हणजे पाच महिने हाताशी ठेवा. दहा वर्षं जपलेलं मांजर तिकीट काढल्यावर पोस्टवर टाकू नका.

पारिजात
घरात आधीचा तीन वर्षांचा बोका आहे आणि नऊ वर्षांची मांजरी येणार आहे. नसबंदी दोघांची झालेली. किती दिवस वेगळं ठेवायचं? आणि सून गरोदर आहे, तिला धोका आहे का?

तांबडीमाती
पारिजातताई, दिवस मोजू नका, खुणा बघा. पहिले काही दिवस बंद दार. एकीची चादर दुसऱ्याच्या खोलीत आणि उलट. मग दाराच्या दोन्ही बाजूंना ताटल्या, फुसफुस न करता जेवतात तितक्या अंतरावर, रोज थोडं जवळ. मग जाळीच्या दारातून दर्शन, आणि शेवटी एकत्र, तेही पाच-दहा मिनिटं. दोन ते चार आठवडे धरून चाला. बोक्याला आधी दोरीनं खेळवून दमवा, कारण तीन वर्षांच्या बोक्याला कुस्ती हवी असते आणि तिला ती नको असते. ट्रे तीन ठेवा. तिला बोका पोचणार नाही अशी एक जागा हवीच. एकमेकांना टाळून शांतपणे राहिली तरी जमलं असं समजा.

नीलमोहर
गरोदरपणाबद्दल: टोक्सोप्लाझ्माची अंडी मांजर बहुतेक आयुष्यात एकदाच, पहिल्या संसर्गानंतर आठवडा-दोन आठवडे विष्ठेतून टाकतं. बाहेर फिरणाऱ्या पिल्लापेक्षा घरात राहणाऱ्या, शिजलेलं खाणाऱ्या प्रौढ मांजरीकडून धोका पुष्कळ कमी. ती अंडी बाधक व्हायला किमान एक दिवस लागतो, म्हणून ट्रे रोज साफ करा आणि ते काम सुनेनं न करता घरातल्या दुसऱ्यानं करा. अर्धकच्चं मांस आणि न धुतलेली भाजी हे जास्त मोठे धोके आहेत, तेही सांभाळा. ओरखडा उठला किंवा चावलं तर जखम १५ मिनिटं साबण-पाण्यानं धुऊन लगेच डॉक्टरांकडे, रेबीजच्या लसीचा निर्णय ते घेतील.

शेवंती
घरी रोज नजर कशावर ठेवायची, तेही एकदा येऊ दे. आणि गोळी द्यायची कशी? साठी-पासष्टीच्या माणसांची हीच खरी अडचण असते.

नीलमोहर
पंधरा दिवसांतून एकदा वजन, त्याच काट्यावर, वहीत तारखेसह. चार किलोच्या मांजरात २०० ग्रॅम उतरले म्हणजे ५ टक्के गेले, डोळ्यांना दिसत नाही पण काट्याला दिसतं. भरपूर खाऊन वजन उतरत असेल तर थायरॉइड किंवा साखर तपासा. लिटरमधले लघवीचे गोळे रोज दोन-चार असतात, ते अचानक मोठे झाले किंवा वाढले तर पाणी मोजा. किलोमागे दिवसाला ५० मिलीच्या वर पाणी म्हणजे नक्की दवाखाना. गाढ झोपेत छातीचे श्वास मिनिटाला ३० च्या आत हवेत. नखं दोन-तीन आठवड्यांनी कापा. वयस्क मांजर खाजवून नखांची सालं काढत नाही, मग नख वळून पायाच्या गादीत घुसतं.

गोळीसाठी मांजर टेबलावर टॉवेलवर, तोंड आपल्यापासून लांब, पाठ आपल्या पोटाला. डाव्या हातानं वरच्या जबड्याची दोन्ही हाडं धरून नाक थोडं वर, उजव्या मधल्या बोटानं खालचा जबडा उघडायचा आणि गोळी जिभेच्या अगदी मागे टाकायची. तोंड मिटवून घसा चोळा. त्यानंतर सुई काढलेल्या सिरिंजनं गालाच्या कडेनं तीन ते पाच मिली पाणी हळूहळू द्या. हे पाणी टाळू नका. कोरडी गोळी अन्ननलिकेत अडकून बसते. डॉक्सिसायक्लिनसारखी असेल तर तिथे भाजतं आणि नळी आकसून जाते.